डिस्टिलरीचा कॉलम: ओव्हरराइडसह पीआयडी की एमपीसी?

चिकोडी, अथणी, निपाणी पट्ट्यात साखर कारखान्याला जोडलेल्या डिस्टिलरीत रेक्टिफायरकडून (अल्कोहोल शुद्ध करणाऱ्या, आत थरांसारखे ट्रे असलेल्या उंच कॉलमकडून) तीन गोष्टी एकदम हव्या असतात: वर ९५ टक्क्यांच्या आसपासचं स्पिरिट, तळाच्या पाण्यात अल्कोहोल जवळजवळ नाही, आणि वाफ कमीत कमी. रिफ्लक्स (वरून कॉलममध्ये परत सोडलेलं स्पिरिट) वाढवला की शुद्धता वाढते, पण ट्रे थंड होऊन अल्कोहोल खाली उतरतं. ते रोखायला वाफ वाढवावी लागते. रिफ्लक्स आणि वाफ यांचे दोन्ही कंट्रोल लूप असेच एकमेकांमागे धावले की डीपी (कॉलमच्या तळ आणि माथ्यातला दाबाचा फरक) चढतो आणि कॉलम फ्लड होतो, म्हणजे द्रव खाली न उतरता ट्रेवरच तुंबतो.

पीआयडी म्हणजे एक माप बघून एक व्हॉल्व्ह हलवणारा नेहमीचा कंट्रोलर. त्यात शहाणपण हे की दोन्ही टोकं एकदम घट्ट धरायची नाहीत. रिफ्लक्स फीडच्या (कॉलममध्ये येणाऱ्या मालाच्या) प्रमाणात ठेवा आणि वाफेवर मधल्या, संवेदनशील ट्रेचं तापमान धरा. सर्वात वरच्या ट्रेचं तापमान इथे फसवं असतं: ७८ अंशांजवळ शुद्धता बदलली तरी ते फारसं हलत नाही, उलट दाब १ किलोपास्कलने बदलला तर सुमारे पाव अंश हलतं. म्हणून ट्रेच्या तापमानालाही दाबाची भरपाई हवीच. डीपीसाठी दुसरा कंट्रोलर घेऊन दोघांपैकी कमी सिग्नल वाफेच्या व्हॉल्व्हला द्या; हाच ओव्हरराइड. नेमकं इथेच चुकतं: न निवडलेल्या पीआयडीचा इंटिग्रल (साठत जाणाऱ्या चुकीची बेरीज) वर चढत राहतो, ट्रे तापल्यावरही तो लवकर खाली येत नाही आणि वाफ उगाच जळते. त्याला व्हॉल्व्हकडे खरोखर गेलेल्या सिग्नलचा एक्स्टर्नल रीसेट जोडा, म्हणजे इंटिग्रल त्या सिग्नललाच धरून राहील.

एमपीसी (मॉडेलवरून पुढचा अंदाज घेणारा कंट्रोलर) सगळ्या मर्यादा एकत्र पाहून पुढच्या चाली ठरवतो. व्हॉल्व्हच्या मर्यादा कडक ठेवा, शुद्धता आणि डीपीच्या मर्यादा सैल, म्हणजे गरज पडली तर थोड्या ओलांडता येणाऱ्या. सगळंच कडक केलं तर उत्तरच सापडत नाही. वजनं (कोणत्या उद्दिष्टाला किती महत्त्व) ठरवताना आधी विचारा, शुद्धतेतली किती घट वाफेच्या किती जादा वापराइतकी जाचते? हे न ठरवता दिलेले आकडे निरर्थक.

एमपीसीची अडचण कच्च्या मालाची. सी मळीवरून बी हेवीवर (जास्त साखर उरलेल्या मळीवर) गेलात की वॉशमधलं (आंबवलेल्या मळीतलं) अल्कोहोल बदलतं, मॉडेल चुकतं, आणि ऑपरेटर एमपीसी बंद करतो.

एकटा कॉलम असेल तर पीआयडीच घ्या. रेक्टिफायरच्या बाष्पावर निर्वातातला अ‍ॅनालायझर (वॉशमधून अल्कोहोल काढणारा कॉलम) तापत असेल, तर एक वाफेचा व्हॉल्व्ह दोन्ही कॉलम हलवतो. तिथे एमपीसीचा खर्च रास्त. पण स्टेप टेस्टआधी (मॉडेलसाठी व्हॉल्व्ह मुद्दाम हलवून कॉलमचा प्रतिसाद मोजण्याआधी) व्हॉल्व्हला १ टक्का सिग्नल देऊन बघा. स्टेम (व्हॉल्व्हचा दांडा) हलला नाही, तर आधी पोझिशनर (सिग्नलप्रमाणे दांडा हलवणारं यंत्र) आणि ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग) दुरुस्त करा.