ओव्हनच्या रॉडच्या नावाखाली ४,६०० रुपये गेले आणि नानकटाई खालून कच्चीच राहिली

पुण्यात कर्वेनगरमध्ये घरून केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका ताईंची ही फसवणूक आहे. ती आकड्यांसकट लिहितो आहोत, कारण आकडे कळले असते तर पहिल्याच दिवशी ती उघडी पडली असती.

ओव्हन ३५ लिटरचा ओटीजी, म्हणजे रॉडवर तापणारा ओव्हन-टोस्टर-ग्रिलर. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट. वर दोन रॉड, खाली दोन. दिवाळीच्या आठवड्यात खालची बाजू तापेनाशी झाली; नानकटाई वरून लाल आणि खालून पांढरी निघू लागली. इंटरनेटवर शोधून जो पहिला ‘कस्टमर केअर’ नंबर मिळाला त्यावर फोन केला. तो कंपनीचा नव्हताच. आलेल्या माणसाने यायचे ३५० घेतले, टेस्ट लॅम्प लावून पाहिला आणि सांगितलं, ‘खालचे दोन्ही रॉड गेलेत, जोडीच बदलावी लागेल.’ जोडीचे १,८५० झाले. जुने रॉड कंपनीत जमा करावे लागतात असं सांगून, काढलं ते तो सोबत घेऊन गेला. बिल नाही.

दोन दिवसांनी पुन्हा तेच, खालून कच्चं. परत बोलावल्यावर म्हणाला, ‘थर्मोस्टॅट गेलाय’, म्हणजे तापमान राखणारा स्विच. आणखी २,४०० घेतले. ओव्हन तरीही सुधारला नाही आणि त्यानंतर फोन लागणं बंद झालं.

नंतर आम्ही तो ओव्हन उघडून मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) लावला तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. रॉड एकच बदललेला होता. तो चुकीचा होता. आणि थर्मोस्टॅटच्या टोकांवरची जुनी धूळही हललेली नव्हती, म्हणजे त्याला हात लागलाच नव्हता.

यातली दुसरी गोष्ट नीट समजून घ्या. बाकीची सगळी फसवणूक तिच्यावरच उभी राहिली.

रॉड म्हणजे स्टीलची नळी, आत निक्रोमच्या तारेचं कॉइल आणि भोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर. रॉड किती तापणार हे त्याच्या लांबीवर नाही, आतल्या तारेच्या रोधावर, म्हणजे ती विजेला किती अडवते यावर ठरतं. हिशेब सोपा आहे: व्होल्टचा वर्ग करा, त्याला वॅटने भागा, रोध ओहममध्ये मिळतो. २३० व्होल्टवर १००० वॅट हवे असतील तर ५३ ओहम, ५०० वॅटला १०६ ओहम, २००० वॅटला साधारण २६ ओहम. निक्रोमचा रोध तापल्यावर थोडाच वाढतो, त्यामुळे थंड रॉडवर मोजलेला आकडाही पुष्कळ जवळचा येतो. पाच-दहा टक्क्यांचा फरक चालतो.

आता खरी मेख. बऱ्याच ओटीजीत खालचे दोन रॉड सिरीजमध्ये असतात; वीज एकातून निघून दुसऱ्यात जाते. या ओव्हनमध्येही तसंच होतं. अशा जोडीतला प्रत्येक रॉड ११५ व्होल्टचा असतो: प्रत्येकी २६ ओहमच्या थोडा वर, मिळून ५३ ओहम, १००० वॅट. एक तुटला की दोन्ही थंड पडतात, आणि म्हणूनच ‘दोन्ही गेले’ हे वाक्य सहज खपतं. खरं तर दोन्ही एकाच वेळी जाणं फार क्वचित घडतं. प्लग काढून प्रत्येक रॉडची एक वायर सोडवा आणि मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवून दोन टोकांना लावा. तुटलेला रॉड काहीच दाखवत नाही, चांगला आकडा देतो. वायर न सोडवता मोजलं तर दुसऱ्याच वाटेने आकडा येऊन गोंधळ उडतो. मीटरच्या स्वतःच्या वायरीचा अर्धा-पाव ओहमही वजा करा.

त्या माणसाने तुटलेल्या रॉडच्या जागी लांबीला बरोबर बसणारा, पण २३० व्होल्ट ५०० वॅटचा, म्हणजे १०६ ओहमचा रॉड घातला. १०६ आणि २६ मिळून १३२ ओहम. २३० व्होल्टवर करंट पावणेदोन अँपिअरच्या आसपास, आणि खालच्या बाजूची एकूण ताकद १००० वरून ४०० वॅटवर आली. तीही सारखी वाटलेली नाही: नवा रॉड ३२० वॅट घेतो आणि जुन्याच्या वाट्याला ८० उरतात. खालून कच्चं राहायचं कारण हे होतं. थर्मोस्टॅटचा यात काहीही संबंध नव्हता.

तो खोटं बोलतो आहे हे ताईंना मीटरशिवायही कळू शकलं असतं. ज्या ओटीजीला तापमानाचं एकच बटण आहे, त्यात वर-खाली दोन्हीकडे जाणारी वीज त्याच एका थर्मोस्टॅटमधून जाते. वरचे रॉड नीट तापत असतील तर थर्मोस्टॅट वीज सोडतोच आहे. एकच बाजू थंड असेल तर दोष त्या बाजूचा रॉड, तिकडे जाणारी वायर किंवा सिलेक्टर स्विच (वर, खाली की दोन्ही हे निवडायचं बटण), या तिघांतच शोधायचा. वर आणि खाली वेगवेगळी तापमानाची बटणं असलेले मॉडेल मात्र याला अपवाद. तसंच फिरवायची बटणं असलेल्या साध्या ओटीजीत कुणी ‘कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) उडालं’ म्हणालं तर कार्ड दाखवायला सांगा. टायमर, थर्मोस्टॅट, सिलेक्टर ही सगळी यांत्रिक असतात, कार्ड साधारणपणे नसतंच. आणि ओव्हन पूर्ण बंद वाटला तर आधी टायमर शून्यावर तर नाही ना ते बघा. तेवढं बटण फिरवण्याचेही व्हिजिट चार्जेस घेतले जातात.

उलटी चूक आणखी वाईट. जिथे प्रत्येक रॉड थेट २३० व्होल्टवर आहे तिथे ११५ व्होल्टचा रॉड घातला तर तो चौपट वॅट ओढतो. २५० वॅटचा रॉड १००० वॅट खेचून लालभडक होतो. ग्राहकाला पहिल्या दिवशी वाटतं, काय झकास तापतोय! थोड्याच दिवसांत तो जळतो, आणि शेजारच्या वायरीचं आवरणही करपतं.

पावसाळ्यातली फसवणूक वेगळी आहे आणि जिवावर बेतणारी आहे. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर हवेतला ओलावा शोषते. जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर न वापरलेला ओव्हन लावला की घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडतो, कारण ओल्या पावडरीतून वीज नळीत आणि तिथून अर्थमध्ये गळते. यावर काही जण ‘रिपेअर’ म्हणून अर्थची वायरच कापतात. स्विच पडायचा थांबतो, पैसे घेतले जातात आणि वीज ओव्हनच्या पत्र्यावर येऊन बसते. कुठल्याही दुरुस्तीनंतर एवढं तपासाच: प्लग काढून मल्टिमीटरचं एक टोक प्लगच्या सगळ्यात जाड, लांब पिनला आणि दुसरं पत्र्याच्या एखाद्या उघड्या स्क्रूला लावा. एक ओहमपेक्षा कमी आलं पाहिजे. काहीच आलं नाही तर तो ओव्हन लावू नका. ओल्या रॉडवरचा खरा उपाय म्हणजे रॉड काढून दुसऱ्या ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास वाळवणं. त्यानंतर टोक आणि नळी यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्टेज लावून गळती तपासणाऱ्या मीटरने) तपासावं. रीडिंग मेगाओहममध्ये यायला हवं. साधा मल्टिमीटर इथे फसवतो. त्याचा व्होल्टेज इतका कमी असतो की गळती दिसत नाही.

रॉड स्वतः बदलणं अवघड नाही. मात्र हे फक्त ओटीजीबद्दल. मायक्रोवेव्ह, मग तो कन्व्हेक्शनचा का असेना, घरी उघडू नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा व्होल्टेज धरून राहू शकतो.

प्लग बोर्डातून काढून डोळ्यांसमोर ठेवा आणि ओव्हन पूर्ण थंड होऊ द्या. रॉड डावीकडून उजवीकडे जात असेल तर त्याची दोन टोकं दोन बाजूंच्या पत्र्यांआड असतात, त्यामुळे बाहेरचं कव्हर पूर्ण सुटावं लागतं. एकही वायर काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. रॉडच्या टोकाला चिनी मातीचं बुश असतं. ते तडकलेलं असेल तर रॉड पत्र्याला टेकतो, म्हणून बुशही बदला. जुना रॉड सोबत घेऊन तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जा. लांबी, नळीची जाडी आणि टोक नटबोल्टचं की क्लिपचं हे जुळवाच, पण पैसे देण्याआधी दुकानदाराकडून ओहम मोजून घ्या. जुना रॉड तुटलेला असल्याने त्याचा आकडा मिळत नाही, तेव्हा जोडीतल्या चांगल्या रॉडचा आकडा घरूनच लिहून न्या. नळीच्या टोकाशी व्होल्ट-वॅट कोरलेले असतील तर उत्तमच.

बसवताना बहुतेक चुका वायरीत होतात. मूळ वायरीवर काचेच्या धाग्याचं किंवा सिलिकॉनचं आवरण असतं. ती कमी पडली म्हणून घरातली पीव्हीसी वायर जोडायची नाही. ती साधारण ७० अंशांपर्यंतचीच असते आणि इथे वितळते. सोल्डरही नको, नेहमीचं सोल्डर १८३ अंशांपासून पातळ व्हायला लागतं. स्प्रिंग वॉशर घालून नट घट्ट करा. सैल जोड तापतो, काळा पडतो आणि नव्या रॉडचं टोक खातो. रॉडची नळी मात्र आवळून धरू नका. तापल्यावर ती वाढते, सरकायला जागा नसेल तर वाकते. कव्हर लावण्याआधी मोजणी पुन्हा करा. मग ओव्हन रिकामा ठेवून, खिडकी उघडून २०० अंशांवर वीस मिनिटं चालवा. नव्या रॉडवरच्या तेलाचा थोडा धूर येतो, तो थांबतो.

स्वतः करायचं नसेल तर माणूस जरूर बोलवा, पण नंबर ओव्हनसोबतच्या वॉरंटी कार्डावरचा घ्या. बुकिंगसाठी दहा रुपयांची लिंक पाठवणारा किंवा फोनवर एखादं अ‍ॅप घ्यायला लावणारा असेल तर तिथेच फोन ठेवा. तो खात्यावर डोळा ठेवून असतो. पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. आलेल्या माणसाला ‘जुना रॉड इथेच ठेवा आणि नव्याचे ओहम बिलावर लिहा’ असं काम सुरू होण्याआधी सांगा. निकृष्ट दुरुस्तीची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर करता येते, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. यूपीआयची नोंद, फोनवरचे मेसेज आणि बसवलेल्या रॉडचा मीटरसकट फोटो जपून ठेवा. ताईंकडे यातली फक्त यूपीआयची नोंद होती.

त्यांच्या ओव्हनमध्ये शेवटी २६ ओहमचा एकच रॉड लागला. खालची जोडी ५३ ओहम भरली, अर्थ अर्ध्या ओहमच्या आत आला. थर्मोस्टॅट अजूनही कंपनीने मुळात बसवलेलाच आहे.