कंपनीचा अ‍ॅम्प ठेवून बाहेरचा स्टिरिओ: आठ महिन्यांनंतर

गाडी दहा वर्षांची. इंजिन ठणठणीत, पण कंपनीच्या स्टिरिओच्या स्क्रीनचा खालचा अर्धा भाग स्पर्शाला मुका झाला होता, आणि गाणं पुढे ढकलायची बटणं नेमकी तिथेच. वर्षभर स्टिअरिंगवरच्या बटणांवर भागवलं. मग ब्लूटूथनेही मान टाकली, तेव्हा नवा स्टिरिओ आणला: अँड्रॉइड ऑटो आणि कारप्ले असलेला, मागे ४ व्होल्टचे प्रीआउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला कच्चा सिग्नल देणारे सॉकेट) असलेला. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर हा मजकूर शिव्यांनी भरला असता. म्हणून आठ महिने थांबलो.

स्टिरिओबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्क्रीन उन्हात बऱ्यापैकी दिसते, फोन पटकन जोडला जातो, दोनदा अडकला तो रीसेट करून सुटला. खरी गोष्ट आहे सीटखालच्या, आवाजाचा सिग्नल वाढवून स्पीकरांना देणाऱ्या चपट्या डब्याची, म्हणजे कंपनीच्या अ‍ॅम्पची.

दोन-तीन फिटरांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: "साहेब, तो अ‍ॅम्प बायपास करून टाकू, स्पीकर सरळ नव्या स्टिरिओला जोडू. नवा डेक पन्नास गुणिले चार वॉटचा आहे, काय कमी आहे?" आता, डेकच्या (म्हणजे स्टिरिओच्या) खोक्यावरचा तो ५० वॉटचा आकडा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. ४ ओहमच्या स्पीकरवर, विकृती (आवाज फाटण्याचं प्रमाण) १ टक्क्याच्या आत ठेवून सलग मिळणारी ताकद अशा डेकमध्ये चॅनेलमागे साधारण १४ ते २२ वॉट असते, आणि ती आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरात दिलेली असते. तरी तेही चाललं असतं. पण मी दाराचं पॅनेल उघडून स्पीकरवर मीटर लावला, तर आकडा आला १.७ ओहम. म्हणजे स्पीकर २ ओहमचे (मीटरवर आकडा थोडा कमीच येतो), आणि डेकच्या पुस्तिकेत लिहिलेलं की ४ ओहमपेक्षा कमी लोड जोडू नका. बायपास केलं असतं तर डेकच्या आतला छोटा अ‍ॅम्प एक तर तापून आवाज बंद करत बसला असता किंवा जळाला असता.

शिवाय माझ्या गाडीत दारातला वूफर (खालचे सूर), आरशाजवळचा ट्विटर (वरचे सूर) आणि मागचा सबवूफर (सगळ्यात खालचा बास) यांना कुठले सूर कुणी वाजवायचे हे तो डबाच वाटून देतो. याच दारांसाठी, याच कागदी कोनच्या स्पीकरांसाठी त्याचं इक्वलायझेशन (कुठले सूर किती उचलायचे ते) बसवलेलं आहे. तो काढला तर सबवूफर गप्प आणि ट्विटर अनाथ. म्हणून ठरवलं की अ‍ॅम्प राहणार. आणि फिटर तयार नसतील तर आम्ही दोघे भाऊ करणार.

इथे एक गोष्ट आम्ही नशिबाने बरोबर केली. जुना स्टिरिओ काढायच्या आधी, तो चालू असतानाच अ‍ॅम्पच्या कप्लरवर (वायरी जोडायच्या प्लगवर) मागच्या बाजूने मीटरची टोकं लावून सगळं मोजून कागदावर लिहिलं. कुठल्या वायरवर सतत १२ व्होल्ट, कुठली अर्थ, आणि कुठल्या वायरवर स्टिरिओ चालू केला की १२ व्होल्ट येतात आणि बंद केला की जातात. ही शेवटची म्हणजे अ‍ॅम्पला उठवणारी रिमोट वायर. आवाजाच्या वायरींची प्रत्येक चॅनेलला एक जोडी होती, आणि तिच्यावर गाणं मोठं केलं तरी जेमतेम व्होल्टभर एसी दिसत होता. हा आकडा पुढे फार कामाला आला. जुना डेक एकदा निघाला की हे काहीच मोजता येत नाही. मग रंगांवरून अंदाज बांधत बसा.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि सुरुवात केली. एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरांना हात लावायचा नाही, एवढी एकच सक्त ताकीद मी भावाला दिली होती.

पहिला घोळ तासाभरातच झाला. सगळं जोडलं, रेडिओ लावला, झकास आवाज. आम्ही टाळ्या दिल्या. भाऊ म्हणाला, "दादा, आता फोनवरचं लाव." लावलं, तर गाडी गप्प. परत रेडिओ, परत आवाज. यूएसबी, परत शांतता. अर्धा तास डेकच्या सेटिंगमध्ये शोधाशोध केल्यावर भावाने टॉर्च मारून विचारलं, "हे निळी आणि निळी-पांढरी, दोन वेगळ्या आहेत ना?" होत्या. साधी निळी वायर अँटेनाची. आमच्या डेकमध्ये ती फक्त रेडिओ लावला तरच जिवंत होते. अ‍ॅम्पसाठी असते ती निळी-पांढरी. आम्ही अ‍ॅम्प अँटेनाच्या वायरवर टांगला होता. वायर बदलली आणि निळी तिच्या खऱ्या जागी, म्हणजे छतावरच्या अँटेनाच्या बूस्टरला दिली. त्या बूस्टरला १२ व्होल्ट मिळाले नाहीत की एफएमवर खरखर येते, आणि लोक डेकला नावं ठेवतात.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. सुरुवातीला प्रीआउट न वापरता, ॲडॅप्टरबरोबर आलेल्या चित्राप्रमाणे डेकच्या स्पीकर वायरी सरळ अ‍ॅम्पच्या इनपुटला दिल्या होत्या. आवाज ४० पैकी ५ वरच कान फाडायचा, १० च्या पुढे फाटायचा, आणि गाणं थांबवलं तरी सगळ्या स्पीकरांतून सूंऽऽ असा श्वास चालू. साहजिक आहे. ज्या इनपुटला व्होल्टभराची सवय, त्याला स्पीकरचा सिग्नल पाजत होतो. शिवाय डेकच्या स्पीकर आउटपुटच्या दोन्ही वायरींवर अर्थच्या तुलनेत ६ व्होल्टच्या आसपास डीसी असतो, कारण ते आउटपुट ब्रिज पद्धतीचे, म्हणजे दोन्ही वायरींवर सिग्नल चालवणारे, असतात. त्यातली काळ्या पट्टीची वायर 'निगेटिव्ह' म्हणून कुणी बॉडीला अर्थ केली, तर डेकचं काम तमाम. आम्ही ते केलं नाही, पण करायच्या बेतात होतो हे कबूल करतो.

मग प्रीआउटवर आलो. प्रीआउटला लागणाऱ्या आरसीए केबलची मधली तार प्लसला, जाळी मायनसला. सूंऽऽ कमी झाला, पण इंजिन सुरू करताच नवीन पाहुणा आला. ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी, सोडला की उतरणारी बारीक शीळ. अल्टरनेटरची, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राची. कारण पुन्हा आम्हीच. कुणीतरी सुचवलं म्हणून चारही मायनस एकत्र करून सीटच्या बोल्टला अर्थ केल्या होत्या. डेकचा अर्थ डॅशबोर्डमागे, अ‍ॅम्पचा सीटखाली, आणि अल्टरनेटर जोरात चालू असताना या दोन जागांत थोडेसे मिलिव्होल्ट फरक पडतोच. मायनस मोकळ्या असत्या तर अ‍ॅम्पच्या डिफरेन्शियल, म्हणजे फक्त प्लस-मायनसमधलं अंतर वाढवणाऱ्या, इनपुटने तो फरक वजा करून टाकला असता. आम्ही त्या अर्थ करून त्याचे हात बांधले. बोल्टवरची वायर सोडली आणि शीळ तिथल्या तिथे गेली. अशी शीळ रोखणारी ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी आधीच आणून ठेवली होती, ती अजून ड्रॉवरमध्ये आहे. स्वस्त डब्यांतला ट्रान्सफॉर्मर खालचा बास खातो, त्यामुळे ती लावावी लागली नाही याचं समाधान आहे.

तरी रात्री, सिग्नलला इंजिन मंद असताना, हलका श्वास ऐकू यायचाच. दोन महिने तसाच ऐकला. घरच्यांना ऐकू येत नव्हता. मला मात्र त्याच्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

उत्तर त्या जुन्या कागदात होतं. कंपनीचा अ‍ॅम्प व्होल्टभरात पूर्ण ताकदीला पोचतो आणि माझा डेक ४ व्होल्ट द्यायला बसलाय. म्हणजे मी कायम डेकच्या आवाजाच्या तळाच्या पाव भागात वावरत होतो. गाण्याचा सिग्नल छोटा, डेकची स्वतःची सूं मात्र तेवढीच, आणि अ‍ॅम्प दोन्हींना सारखंच वाढवणार. मग प्रत्येक चॅनेलला दोन रेझिस्टर टाकले: ३ किलोओहम प्लसच्या वाटेत, १ किलोओहम प्लस-मायनसच्या मध्ये, अ‍ॅम्पच्या अगदी जवळ. सिग्नल एक चतुर्थांश, म्हणजे १२ डेसिबलने खाली. सोल्डर केलं, हीटश्रिंक चढवलं, कापडी टेप गुंडाळली. आता नेहमीचं ऐकणं ४० पैकी २२ ते २५ वर होतं, आणि श्वास ऐकायचा तर काचा बंद करून कान ट्विटरला लावावा लागतो. उरलेला आहे तो अ‍ॅम्पचा स्वतःचा. एवढे आठ रेझिस्टर पहिल्या दिवशी टाकले असते तर दोन महिने वाचले असते. डेक आणि अ‍ॅम्प जोडणाऱ्या तयार इंटरफेस डब्यांवर लेव्हलचा छोटा स्क्रू असतो, तो नेमका याच कामासाठी. बरेच जण तो आहे तिथेच ठेवतात आणि मग सूं येते म्हणतात.

आता आवाज. जुन्या डेकपेक्षा किती सुधारला? खरं सांगायचं तर, पहिल्या दिवशी बिघडला होता. नव्या खेळण्याच्या उत्साहात बास बूस्ट आणि लाउडनेस दोन्ही चालू केलं होतं. अ‍ॅम्प आधीच बास उचलून देतो, त्यावर डेकने आणखी उचलला, आणि दारातलं बाटली ठेवायचं खण डफासारखं वाजायला लागलं. सगळं सपाट केलं, शून्यावर आणलं, आणि मग कानाने दोनच गोष्टी बदलल्या: १०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी, ट्विटर एक पायरी खाली. तेव्हा कुठे गाणं जागेवर आलं. तबल्याच्या बायाँची घुमार आता लांबते पण पसरत नाही. गायिकेचा श्वास ऐकू येतो, आणि तो सूं नसतो.

सगळ्यात मोठा फायदा मात्र टाइम अलाइनमेंटचा झाला. माझ्या कानापासून जवळच्या दाराचा स्पीकर ९० सेंटिमीटर, पलीकडचा १४०. आवाज हवेत १ मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे जवळच्या बाजूला दीड मिलिसेकंद उशीर दिला की दोन्हीकडचा आवाज एकदम पोचतो. दिला. गाणारा माणूस दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येऊन बसला. मर्यादा अशी की वूफर आणि ट्विटर अ‍ॅम्पच्या आत फुटतात, त्यामुळे दोघांना वेगवेगळा उशीर देता येत नाही. अ‍ॅम्प ठेवण्याची ही किंमत आहे. मला परवडते.

पाचव्या महिन्यात वेगळाच फटका बसला. दहा दिवस गाडी उभी होती, परत आलो, सेल्फ मारला तर नुसतं कण्हणं. बॅटरी जुनी म्हणून सोडून दिलं. पुन्हा तसंच झाल्यावर निगेटिव्हमध्ये मीटर लावला. गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो, कारण सगळी मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. आकडा: ११० मिलिअँपिअर. बंद गाडीत तो ५० च्या आत असावा. म्हणजे दिवसाला अडीच अँपिअर-तासांहून जास्त, दहा दिवसांत २६. माझ्या ४५ च्या बॅटरीतले निम्म्याहून अधिक. एकेक फ्यूज उपसत गेलो. स्टिरिओचा काढताच आकडा ३० वर आला. स्टिअरिंगच्या बटणांसाठी लावलेल्या इंटरफेस डबीची लाल वायर (चावी चालू असतानाच वीज हवी असलेली) मी पिवळीला (सतत १२ व्होल्टच्या वायरला) जोडली होती, कारण जुन्या कप्लरमध्ये चावीवर येणारे १२ व्होल्ट सापडलेच नव्हते. या गाडीत चावीची खबर कॅन बसवरून (मॉड्यूलांच्या आपसातल्या डेटाच्या वाटेवरून) जाते, वेगळ्या वायरने नाही. डबी त्यामुळे रात्रंदिवस जागी. लाल वायर फ्यूज बॉक्समधल्या ॲक्सेसरीच्या फ्यूजवर टॅप करून घेतली, प्रश्न मिटला. तुमच्या कप्लरमध्ये अशी वायर सापडली नाही तर पिवळी-लाल एकत्र करायचा मोह होतो. करू नका.

काय गेलं? पार्किंग सेन्सरचा टुंटुं. तो जुना डेक स्पीकरमधून वाजवायचा, आता वाजत नाही, आणि महिनाभर मी मागचा बंपर देवाच्या भरवशावर ठेवून गाडी लावत होतो. मग रिव्हर्स कॅमेरा बसवला. वेगानुसार आवाज वाढण्याची सोयही गेली. तिची आठवण हमरस्त्यावर काच उघडली की येते.

हे सगळं माझ्या गाडीपुरतं जमलं कारण अ‍ॅम्पला साध्या तांब्याच्या वायरी येतात. बीएमडब्ल्यू, मर्सिडीजसारख्या बऱ्याच गाड्यांत डेक आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये मोस्ट नावाची ऑप्टिकल फायबरची साखळी असते. त्यातला एक दुवा काढला की साखळी तुटते आणि सगळंच गप्प होतं. तिथे त्याच गाडीसाठी बनवलेला इंटरफेस लागतो. मीटर आणि रेझिस्टर घेऊन तिथे जाऊ नये. प्लग उघडल्यावर आत लाल उजेड दिसला तर तो परत लावा आणि चहा प्या.

एक गोष्ट अजून राहिली आहे. चालू करताना येणारा धप्प आवाज निळ्या-पांढऱ्या वायरीत दोन सेकंद उशिराचं मॉड्यूल टाकून गेला, पण बंद करताना मागच्या सबवूफरमधून बारीक 'ठक' येतोच. दोन वेगळी मॉड्यूल लावून पाहिली, फरक नाही. भाऊ म्हणतो, "दादा, दार बंद झाल्यासारखं समज." सध्या तसंच समजतोय.