रोजच्या संध्याकाळसाठी कॉलनीचा बगीचा, भाऊंचे उद्यान की मेहरूण?

जळगावात संध्याकाळी घरच्यांना घेऊन पाय मोकळे करायचे, तर बहुतेकांसमोर तीन जागा असतात: कॉलनीच्या ओपन स्पेसवरचा छोटा बगीचा, काव्यरत्नावली चौकातले भाऊंचे उद्यान, नाहीतर मेहरूण तलावाचा काठ. रोज जायचे असेल तर आमचे मत कॉलनीच्या बगीच्याला. गाडी काढावी लागली की नेम आठवडाभरही टिकत नाही. मात्र सगळे ओपन स्पेस सारखे नसतात, त्यामुळे सवय लावून घेण्याआधी ते नीट पाहून घ्यावेत.

आधी चालण्याचे बघू. लेआउट मोठे असेल तर साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, त्यातूनच हे बगीचे झालेत. वीस गुंठ्यांची चौकोनी जागा धरली तर एक बाजू सुमारे ४५ मीटर येते आणि कुंपणाच्या आतून ट्रॅक साधारण १६० मीटरचा होतो. म्हणजे तीन किलोमीटरसाठी अठरा-एकोणीस फेऱ्या. चालताना कंटाळा येतोच, शिवाय सतत एकाच बाजूला वळल्याने गुडघे-घोटे कुरकुरतात. निम्म्या फेऱ्या उलट दिशेने घ्या. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरूम नीट दाबला नसेल तर दोन पावसाळ्यांत पेव्हर ब्लॉक वरखाली होतात आणि म्हातारी माणसे नेमकी तिथेच ठेचकाळतात. गणपतीच्या मंडपासाठी खांब रोवलेले खड्डे कुणी बुजवले आहेत का, तेही बघा. निव्वळ चालायचे असेल तर मेहरूण केव्हाही सरस. रस्ता सलग आहे, वाराही असतो. थंडीत तलावावर पाहुणे पक्षी उतरतात आणि मेहरूणची बोरे बाजारात येतात, ती चालण्याची बक्षिसी समजावी. गणेश विसर्जनाच्या दिवशी मात्र तिकडे फिरकू नका.

लहान मुले बरोबर असतील तर गणित बदलते. तलावाकाठी पाच वर्षांच्या पोरावरून नजर हलवता येत नाही. एकाच फाटकाचा बगीचा अशा वेळी हायसे वाटायला लावतो. आत गेल्यावर आधी झोक्याची साखळी वर जिथे अडकवलेली असते ती कडी बघा. झिजते ती तिथेच, आणि खालून लक्षात येत नाही. कडी निम्मी खाल्ली गेली असेल तर त्या झोक्यावर मूल बसवू नका. झोक्याखाली पेव्हर किंवा काँक्रीट नको, नऊ इंच ते फूटभर मोकळी वाळू हवी. वाळू आहे पण दगडासारखी दबून गेली आहे, असेही पुष्कळदा दिसते. अशी वाळू फावड्याने उकरून घेतली तरच उपयोग. पत्र्याची घसरगुंडी मे महिन्यात सूर्य मावळल्यानंतरही तापलेलीच असते, आधी हाताच्या पालथ्या बाजूने चाचपा. फायबरची तेवढी तापत नाही, पण उन्हाने पोपडे निघाले की तिची कुसळे मांडीत घुसतात.

ओपन जिमबद्दल थोडे परखड बोलायला हवे. एअर वॉकरला (उभे राहून पाय पुढेमागे झुलवायचे यंत्र) फारसा भारच नसतो, त्यामुळे सांधे मोकळे होतात, पोट कमी होत नाही. आखडलेल्या खांद्यासाठी शोल्डर व्हील चांगले. कंबर दुखणाऱ्यांनी ट्विस्टरवर (कंबर डावी-उजवी फिरवायची चकती) जोराचे हेलकावे घेऊ नयेत. पाय पूर्ण थांबल्याशिवाय कुठल्याही यंत्रावरून उतरू नका. खडखड आवाज येतोय म्हणजे बेअरिंग कोरडे पडले किंवा बोल्ट ढिला झाला. असे यंत्र सोडून द्या. मुलांना तर या यंत्रांपाशी जाऊच देऊ नका, बोटे चेमटतात.

आता ऊन. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि सूर्य मावळायला सात वाजतात. सहाला निघालात तर बाकडेसुद्धा चटके देते. म्हणून झाडे कुठली आहेत ते महत्त्वाचे. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडून पुन्हा भरतो, मे महिन्यात सावली तयार असते. गुलमोहर फुलून दिसतो देखणा, पण त्याची सावली विरळ. सप्तपर्णी ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलली की संध्याकाळी वास एवढा उग्र होतो की काहींचे डोके धरते, दम्याच्या माणसाने लांबच बसावे. लॉनवर जीव टाकू नका. पाण्याच्या तुटवड्यात आधी सुकते ते लॉनच. डिसेंबरात उलट परिस्थिती असते. पावणेसहाच्या सुमारास दिवस संपतो, तेव्हा एकदा अंधार पडल्यावर जाऊन दिवे लागतात का ते बघाच. बंद पडलेल्या कारंज्याच्या हौदात पाणी साचलेले असेल, तर पावसाळ्यानंतर तिथे बसणे म्हणजे डासांना आमंत्रण.

भाऊंचे उद्यान पाहुणे आले, रविवार आहे, तीन पिढ्या एकत्र निघाल्या अशा दिवसासाठी. जैन उद्योगसमूहाचे संस्थापक भवरलाल जैन म्हणजेच 'भाऊ', त्यांच्या नावाचे हे उद्यान त्याच समूहाच्या देखरेखीखाली आहे, ती शिस्त आत गेल्यावर दिसते. अडचण गर्दीची. सुटीच्या संध्याकाळी गाडी लावणे हेच काम होऊन बसते, म्हणून जमल्यास मधल्या वारी जा. बायकांच्या आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने निर्णय पुष्कळदा स्वच्छतागृहावरच ठरतो. कॉलनीच्या बगीच्यात ते बांधलेले असते आणि त्याला कुलूप असते. किल्ली कुणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

काही ओपन स्पेसवर सभागृहही असते. कॅरम, टेबल टेनिस, योगवर्ग चालतात, आणि वाढदिवस किंवा कानबाईच्या (खानदेशातला श्रावणातला सण) दिवशी भाड्यानेही मिळते. टेबल टेनिससाठी बघायचे तर टेबलाच्या मागे दोन्हीकडे किमान दोन-तीन मीटर जागा आहे का ते पाहा, नाहीतर खेळाडू भिंतीलाच धडकतो. कार्यक्रमासाठी घेताना भाडे, अनामत, वीज आणि झाडलोट कोणाकडे, हे लेखी घ्या. पंखे चालू करून बघा, पत्र्याचे छत असेल तर उन्हाळ्यात दुपारचा कार्यक्रम ठेवूच नका. स्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, तेव्हा जेवणाची पंगत त्या हिशोबाने बसवा. भरीत पार्टीसाठी मात्र कुठलेच उद्यान उपयोगाचे नाही. वांगी भाजायला जाळ लागतो, त्यासाठी कुणाचे तरी शेतच गाठावे.