सिलिकॉनची लघवीची नळी: सात महिन्यांचा अनुभव

अण्णांची लघवी प्रोस्टेटमुळं अडते. हृदय अशक्त, म्हणून डॉक्टर ऑपरेशन नको म्हणाले. दोन वर्षांपासून नळी कायमचीच. आधी साधी लेटेक्सची होती. दर १२-१५ दिवसांनी तुंबायची. मग केजजवळच्या आमच्या गावाहून रात्री दोनला जीप करून अंबाजोगाई गाठायची. अण्णा पोट धरून कण्हायचे, अन् मी वाटभर पिशवीत थेंब उतरतोय का बघत बसायचो.

एकदा डॉक्टरांनी काढलेली नळी उभी चिरून दाखवली. आत पांढुरका, खरखरीत थर. मला वाटलं, बोअरच्या जड पाण्यानं हंड्याला क्षार धरतो तसंच हे. ते म्हणाले, पाण्याचा दोष नाही, ही जंतूंची वस्ती आहे. जिवाणू नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात, तीच बायोफिल्म. त्यातले प्रोटियस नावाचे जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतात, त्यानं क्षारांचे खडे धरतात आणि नळी बुजते. आवरणाआडच्या जंतूंवर अँटिबायोटिक फारसं चालत नाही. आमचे तीन कोर्स वाया का गेले, ते तेव्हा कळलं.

त्यानंतर पूर्ण सिलिकॉनची घेतली. जाडीचा नंबर तोच, १६. पण भिंत पातळ असल्यानं आतलं भोक मोठं. आता पाच आठवडे सहज जातात. किंमत जवळपास चौपट आहे, तरी रात्रीच्या जीपभाड्यापुढं काहीच नाही. बायोफिल्म हिच्यावरही धरतेच, फक्त तुंबायला वेळ लागतो.

दोन खोड्या आहेत. नळी आत अडकून राहावी म्हणून तिच्या टोकाला पाण्यानं फुगवलेला फुगा असतो, त्यातलं पाणी हळूहळू झिरपून कमी होतं. एकदा नळी निसटून बाहेर आली होती. आणि काढताना फुग्याला घडी पडते, तेव्हा अण्णा कळवळतात. सिस्टरनं सावकाश काढली तर त्रास कमी होतो.

पिशवी कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता बांधतो, नळीचा जोड उगाच उघडत नाही. पिशवी भरेल म्हणून अण्णा उन्हाळ्यात पाणीच कमी प्यायचे, ते आता लिंबूपाणी मागून घेतात. ताप किंवा दुखणं नसेल तर नुसत्या लघवीच्या रिपोर्टवरून गोळ्या सुरू करत नाही, हेही डॉक्टरांनीच बजावलंय.

घेताना पाकीट नीट वाचा. 'सिलिकॉन कोटेड' म्हणजे आत लेटेक्सच. मेडिकलवाल्यानं पहिल्यांदा मला तीच दिली होती. '१०० टक्के सिलिकॉन' लिहिलेलंच मागा.