पायथन, एचएफएस की विंडोजचं शेअर फोल्डर?

कॉम्प्युटरवरची फाइल त्याच वायफायवरच्या मोबाइलला किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरला द्यायचे हे तीन मार्ग. आधी एवढंच ठरवा: फाइल एकाच दिशेनं जाणार की दोन्ही? कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपला ऑफिसमधलं ड्रॉइंग मशीनवरच्या पोराच्या मोबाइलवर दिसलं की झालं. राजारामपुरीतल्या फ्लेक्सवाल्याचं उलटं असतं. तालमीची पोरं फोटो घेऊन येतात, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवला की दहा फुटी फ्लेक्सवर फुटतो. (डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर नाही, पण हे किती जणांना सांगत बसणार?)

वर्कशॉपला पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा, तिच्यातच फाइल वाटायची सोय असते) बास. ते बसवलेलं असेल तर ड्रॉइंगचं फोल्डर उघडा, वरच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा. काळ्या खिडकीत पायथन, जागा सोडून डॅश एम, परत जागा सोडून एचटीटीपी डॉट सर्व्हर, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. आयपीकॉन्फिग कमांडनं आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता, बघा आणि मोबाइलच्या ब्राउझरात तो लिहून पुढं कोलन 8000. सुरुवातीचं एचटीटीपी हातानं लिहा. ब्राउझरनं एचटीटीपीएस लावलं तर पान उघडत नाही आणि काळ्या खिडकीत 'बॅड रिक्वेस्ट'च्या ओळीत भलतीच अक्षरं येतात.

पासवर्ड नाही, अपलोड नाही, आतली सगळी उपफोल्डरं उघडी. कोटेशनं आणि ड्रॉइंगं एकाच फोल्डरात असतील तर आधी वेगळी करा.

फ्लेक्सवाल्यानं एचएफएस (एचटीटीपी फाइल सर्व्हर, ब्राउझरातून फाइल द्यायचं-घ्यायचं सॉफ्टवेअर) घ्यावं, पण तिसरी आवृत्ती. जुन्या कॉम्प्युटरांवर अजून दुसरी सापडते. तिच्यात बाहेरच्याला थेट कॉम्प्युटरचा ताबा घेता येईल असं भोक 2024 मध्ये जाहीर झालं आणि ती आता सांभाळली जात नाही. ती काढूनच टाका. तिसरीत प्रत्येक फोल्डरला अपलोड कोण करणार, यादी कोणाला दिसणार हे वेगवेगळं ठरवता येतं, म्हणजे एका मंडळाचे फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. मोठी फाइल उतरवताना मध्येच तुटली तर उरलेलीच उतरते. पायथनमध्ये पहिल्यापासून सुरुवात.

एकाच एक्सेलवर तिघं काम करत असतील तरच विंडोजचं शेअर फोल्डर. मोबाइलला ते कटकटीचं.

वेगाला तिन्ही सारखेच, कारण अडतं ते राउटरवर. 100 एमबीपीएसच्या पोर्टमधून 1 जीबी जायला दीड मिनिट धरा. इंटरनेट बंद असलं तरी चालतं.

मोबाइलवर पान येतच नसेल तर बहुतेक वेळा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं अडवणारी विंडोजची सोय, आडवी येते. विंडोजनं वायफायला 'पब्लिक' धरलेलं असतं. नेटवर्क सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट' करा, आणि पहिल्यांदा परवानगीची चौकट आली होती तेव्हा कॅन्सल दाबलं असेल तर फायरवॉलच्या यादीत जाऊन पायथनला मोकळीक द्या. तरीही नाही, तर मोबाइल गेस्ट वायफायवर आहे का बघा; तिथून आतलं यंत्र सहसा दिसत नाही. चालू असताना अचानक बंद पडलं तर लॅपटॉप स्लीपला गेलाय.

पत्त्याचा क्यूआर काउंटरवर चिकटवणार असाल तर आधी राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी पक्का करा. नाहीतर वीज जाऊन राउटर परत चालू झाला की आयपी बदलू शकतो, आणि क्यूआर वाया.