मळ्यातली मिसळ आणि भिंतीवरचा पाव

मखमलाबादच्या बाजूला, द्राक्षबागांना लागून, मिसळीची जी ठिकाणे उभी राहिली आहेत त्यांपैकी एकाविषयी हे लिहीत आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार पदार्थांविषयी नसून भिंतीवर रंगवलेल्या मजकुराविषयी आहे, आणि असा मजकूर नाशकात त्या एकाच भिंतीवर असेल असे मुळीच नाही.

आधी मिसळ. मटकीला मोड चांगले आलेले असतात आणि ती शिजूनही आख्खी राहते. रस्सा चुलीवरचा, काळ्या मसाल्याचा. तर्री वेगळ्या वाटीत मिळत असल्यामुळे तिखट किती खायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पापड, दही, कांदा, लिंबू आणि शेवटी जिलेबी हा नाशिकचा रिवाज येथे पाळला जातो, मात्र जिलेबी गार आणि चिवट असते. पाव उत्तम आहे. तो लादीतून ताजा सोडवून येतो, रश्श्यात बुडवला तरी बोटांत तुटत नाही, आणि न मागता बटर लावून भाजण्याचा आगाऊपणा येथे कोणी करत नाही.

याच पावाची जन्मकथा भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिली आहे: पूर्वी मोठ्या रोटीचे चार भाग करून एकेक भाग विकत, म्हणून ‘पाव’. त्याखाली, बहुधा बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी, हिंदीतली दुसरी कथा आहे, ती अशी की पीठ पायांनी तुडवून मळत, म्हणून ‘पाँव’वरून ‘पाव’. दोन्ही कथा सर्वत्र ऐकू येतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत.

गंमत अशी की या दोन कथा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. चौथा भाग या अर्थाचा ‘पाव’ आणि हिंदीतला ‘पाँव’ हे दोन्ही संस्कृत ‘पाद’ या एकाच शब्दापासून आले. जनावराला पाय चार, म्हणून एक पाद म्हणजे चौथाई. आपला सव्वा म्हणजे ‘सपाद’, पाऊण म्हणजे ‘पादोन’, म्हणजेच पावाने उणे. पावशेर आणि चार आण्यांची पावली त्याच घरातल्या. गल्ल्यावर मिळणाऱ्या पावतीचा मात्र या घराशी संबंध नाही. ती ‘पावणे’ या क्रियापदाची, म्हणजे संस्कृत ‘प्राप्’ची, आणि नवसाला पावणारी देवीही तिकडचीच.

खायचा पाव या दोन्ही घरांतला नाही. तो पोर्तुगीज ‘पाँव’ आहे, म्हणजे लॅटिन ‘पानिस’, भाकरी. पोर्तुगिजांनी मधला ‘न’ गाळला आणि त्याचा अनुनासिक तेवढा शेवटी ठेवला. त्यामुळे त्यांचा उच्चार हिंदी ‘पाँव’सारखाच ऐकू येतो आणि पायांनी मळण्याची कथा बहुधा तिथेच जन्मली असावी. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्या हाती गेली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकेपर्यंत दोनशे वर्षे पाव भाजणारे लोक आपल्या किनाऱ्यावर होते. गोव्यात पाववाल्याला आजही ‘पोदेर’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘पादेइरू’.

यावरही कोणी चौथाईचा हट्ट धरला तर त्याला थोडा प्रवास घडवावा. बंगालीत पावाला ‘पाउँरुटी’ म्हणतात. त्यातला ‘पाउँ’ पोर्तुगीज आणि ‘रुटी’ म्हणजे आपली रोटी, म्हणजे एकाच वस्तूची दोन नावे शेजारी ठेवलेली. येथेही चौथाई रोटी असा अर्थ कोणी ओढूनताणून काढू शकेल, पण सिंहलीत पावाला ‘पान्’ आणि जपानीत ‘पान’ म्हणतात, आणि जपानात ना कोणी पावशेर मोजला ना कोणाला हिंदी पाँव माहीत होता. तेथे १५४३ मध्ये पोर्तुगीज पोहोचले, एवढाच काय तो दुवा. कोरियन ‘प्पांग’ पुढे जपानीवरून आला. स्पॅनिश ‘पान’ आणि इटालियन ‘पाने’ हे त्याच लॅटिन आजीचे नातू. इंग्रजी ‘कंपॅनियन’ म्हणजे सोबती, मुळात ज्याच्याबरोबर भाकरी खाल्ली तो. त्यातही हाच ‘पानिस’ आहे. आपले विड्याचे पान मात्र संस्कृत ‘पर्ण’ आहे, त्याला या गोतावळ्यात ओढू नये.

मालकांना परक्या मुळाचा संकोच वाटत असेल, तर त्यांनी स्वतःच्याच ताटाकडे पाहावे. मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांनी आणली, आणि बटाटा तर नावासकट त्यांच्याकडून आला. या दोघांना मिसळीतून काढले तर उरेल ती मोडाची उसळ, आणि तिच्यासाठी शहरातून येथवर कोणी येणार नाही.

बाकी थोडक्यात. रविवारी उशिरा गेल्यास बरेच थांबावे लागते, पण बाजा झाडाखाली असल्यामुळे ते सुसह्य होते. गल्ल्याशेजारी शेव-फरसाण सुटे मिळते, तेथे ‘पाव किलो शेव आणि चार पाव’ असे मागितले तर पोरगा बरोबर देतो; भिंतीपेक्षा त्याला हा फरक अधिक कळतो. पुढच्या रंगरंगोटीत त्या दोन ओळी पुसून पोर्तुगिजांची एक ओळ लिहावी, जागा पुरेशी आहे. रश्श्याला हात लावू नये, आणि जिलेबी तेवढी गरम द्यावी.