कोथरूडचा साल्सा क्लास: आठ आठवड्यांनंतर

वय 44, नाचाचा अनुभव म्हणजे शाळेच्या गॅदरिंगमधलं कोळीगीत, आणि सोबत यायला कुणी नाही. अशी बाई साल्सा हा जोडीनं करायचा नाच शिकायला निघाली तर तिनं कुठे जावं? माझं उत्तर तयार आहे. कोथरूडला एका योगवर्गाच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार सकाळी साडेआठला नवशिक्यांची बॅच असते, तिथे बिनधास्त जावं. मी आठ आठवडे केले, एकही तास न चुकवता. फी 4,000 रुपये, एकरकमी.

याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी एकदाच जाऊन परत आले होते. तिथे पहिल्याच दिवशी मोठ्यानं गाणं लावलं, समोर उभं राहून चार स्टेप्स दाखवल्या आणि लगेच जोड्या लावून टर्न. माझ्या जोडीदारानं माझा हात घट्ट धरून गरकन फिरवला. त्याचा दोष नव्हता, त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं. पण पुढचे पंधरा दिवस बँकेत नोटा मोजताना माझं मनगट ठणकत होतं. नवीन माणूस अशा एका दिवसात कायमचा तुटतो, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे पहिले दोन तास कुणी कुणाचा हात धरला नाही. फक्त चालणं. जमिनीवर दोन बाय दोनच्या फरश्या आहेत. शिकवणाऱ्या मॅडमनी मला एका फरशीवर उभं केलं आणि म्हणाल्या, "ताई, पूर्ण बेसिक, म्हणजे पुढे-मागे टाकायची मूळ पावलं, या एका फरशीत बसवायचा. सांध्याच्या बाहेर पाय गेला की पाऊल मोठं झालं असं समजा." लीड करणारा, म्हणजे जोडीत दिशा देणारा, डावा पाय पुढे टाकतो, त्याच्या मागोमाग फॉलो करणारीचा उजवा मागे जातो, हे कुठेही कळेल. पण पाऊल मोठं पडलं की जलद गाण्यात परत यायला वेळच उरत नाही, आणि प्रत्येक पावलावर अंगाचं वजन पुरतं टाकलं नाही तर पुढचा पाय मोकळा सुटत नाही, हे मला त्या फरशीनं शिकवलं. घरी ओट्यासमोर कुकरच्या शिट्ट्या मोजत मी तेच करत राहिले.

तिसऱ्या तासाला हात आले. तेही कसे, तर बोटं नुसती अडकवायची, अंगठा मोकळा. टर्न घेताना फॉलो करणारीची बोटं समोरच्याच्या बोटांत फिरली पाहिजेत. अंगठ्यानं मूठ आवळली की पिळ थेट मनगटात उतरतो. लीड करणाऱ्याचा उजवा हात पाठीवर खवाट्यापाशी, त्याच्या खाली नाही. हे सरांनी सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगितलं. दर तीन-चार मिनिटांनी जोडीदार बदलतात, म्हणून एकटीनं गेलं तरी काही अडत नाही. नवरा-बायको म्हणून आलेल्यांना एकमेकांसोबतच राहायचं असेल तर तीही मुभा आहे. कुणाला एखाद्याबरोबर नको वाटलं तर मॅडमना नुसती खूण करायची. मला ती करावी लागली नाही, पण करता येते एवढ्यानंच खांदे सैल झाले.

आता माझ्या आवडीचा भाग. मी मध्यमा पूर्णपर्यंत तबला शिकले आहे. आठ मात्रा म्हटल्यावर डोक्यात केरवाच सुरू झाला. साल्सात एक-दोन-तीन, पाच-सहा-सात एवढीच पावलं, चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाऊल नाही. माझा पाय तिथे थांबेचना. तेव्हा सरांनी गाणं बंद करून नुसता कोंगा, म्हणजे हातानं वाजवायचा उंच ढोल, लावला. ऐकलं आणि अंगावर काटा आला. कोंगाच्या मोकळ्या, घुमणाऱ्या दोन थापा नेमक्या तिथेच पडतात, एक चौथ्या मात्रेवर आणि एक तिच्या पाठोपाठ साडेचारला. आठवीलाही तसंच. पाय गप्प बसतो तिथे कोंगा बोलतो! त्या दिवसापासून मला ती जागा मोजावी लागलेली नाही. मग क्लावे ऐकवला. लाकडाचे दोन छोटे दांडके, आठ मात्रांत पाच ठोके: एक, अडीच, चार, सहा, सात. टाळ्यांनी करून बघा, पहिल्या फटक्यात जमणार नाही.

पाणी प्यायच्या सुट्टीत सर इतिहासही सांगतात. क्यूबातला 'सोन' हा संगीतप्रकार, न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिको आणि क्यूबाच्या लोकांनी त्याला दिलेलं नवं रूप, जॉनी पाचेको आणि जेरी मसुची यांनी 1964 साली काढलेली फानिया ही रेकॉर्ड कंपनी, गायिका सेलिया क्रूझचा आवाज. इथे 'ऑन वन' शिकवतात, म्हणजे दिशा बदलणारं पाऊल पहिल्या मात्रेवर. न्यूयॉर्कच्या पद्धतीत ते दुसऱ्या मात्रेवर येतं, क्यूबन पद्धतीत जोडी एकमेकांभोवती गोल फिरते. नवख्यांनी यातलं एकच धरावं, असं माझंही मत झालं आहे.

बुटांबद्दल मात्र आधी सांगायला हवं होतं. मी रबरी तळव्याचे चालायचे बूट घालून गेले. अंग वळायचं, पाय फरशीला चिकटून राहायचा आणि ताण गुडघ्यावर. दुसऱ्या आठवड्यात सरांच्या ते लक्षात आलं. मी जुन्या पट्ट्याच्या सँडलला कोपऱ्यावरच्या चप्पल दुरुस्तीवाल्या काकांकडून चामड्याचा तळवा लावून घेतला, दीडशे रुपयांत काम झालं. पण पावसात तो घालून रस्त्यानं चालू नका, पिशवीतून न्या.

तक्रारी दोन. हॉलला पंखे तीनच, साडेनऊपर्यंत सगळे घामानं चिंब होतात. नॅपकिन आणि एक जादा कुर्ता न्याच, समोरच्याचाही विचार करा. दुसरी तक्रार जास्त गंभीर: तास बुडला तर तो भरून मिळत नाही. आमच्या बॅचमधल्या एक काकू आजारपणात दोन रविवार आल्या नाहीत, आणि तोवर क्रॉस बॉडी लीड, म्हणजे फॉलो करणारीला आपल्यासमोरून पलीकडे नेणं, शिकवून झाला होता. साठीतल्या त्या बाईंनी मग येणंच सोडलं. शनिवारी अर्धा तास आधी हॉल उघडला असता तरी त्या टिकल्या असत्या. मी हे सरांना सांगितलं आहे, त्यांनी ऐकून घेतलं, बदल अजून दिसलेला नाही.

आठव्या आठवड्यात त्यांनी आम्हाला एका सोशलला, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायच्या मेळाव्याला, नेलं. मला बेसिक, उजवा टर्न आणि क्रॉस बॉडी लीड एवढंच येत होतं. एका अनोळखी मुलानं हात पुढे करून विचारलं, "ताई, नाचणार का?" आम्ही अख्खं गाणं नाचलो. मध्येच तो चुकला, थांबला, कोंग्याची वाट बघितली आणि पुन्हा एकवर पाऊल टाकलं. मीही टाकलं. पुढच्या पातळीची फी मी त्याच रात्री भरली.